लाल दिवाही नाही

बेळगावच्या खानापूर तालुक्यात आषाढाचा पाऊस धरला की माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर बंद टीव्हींची रांग लागते. ओल, मुंग्या, पाल, वीज पडणं, कारणं ठरलेली. त्यामुळे जांबोटी रस्त्याकडच्या एका गावातले मामा खताच्या पोत्यात गुंडाळलेला ३२ इंची एलईडी घेऊन दुकानात आले, तेव्हा मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

"काल सांजेपासून चालूच होईना झालाय बघ. लाल दिवापण नाही. वीज कडाडली त्यातच गेला असणार."

लाल दिवा आहे की नाही, हे मी गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी विचारतो. दिवा असेल, आवाज येत असेल आणि पडदा काळा असेल, तर अंधारात बॅटरी पडद्यावर तिरपी धरायची. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर टीव्ही चालूच आहे, फक्त मागच्या एलईडीच्या पट्ट्या गेल्यात. असे कितीतरी टीव्ही 'मेले' म्हणून माझ्याकडे येतात. पण दिवाच नसेल, तर शोध पिनेपासून सुरू करायचा: वायर, फ्यूज, पॉवर सप्लाय.

वायर चांगली होती. मागचं झाकण काढलं. मोठ्या कपॅसिटरला हात लावण्याआधी त्याच्या दोन टोकांना बल्ब जोडून तो रिकामा करून घेतला. पिन काढल्यावरही त्यात तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात आणि तो झटका साधा नसतो. मग फ्यूज बघितला. काचेची नळी आतून पूर्ण काळी, चंदेरी झाक मारणारी. जुना होऊन गेलेल्या फ्यूजची फक्त तार तुटते, काच स्वच्छ राहते. काच काळी म्हणजे पुढे कुठेतरी थेट शॉर्ट. आणि तो लगेच दिसलाच. फ्यूजच्या शेजारची निळी गोल चकती, एमओव्ही, मधोमध फुटून तिचे दोन तुकडे झाले होते.

ही चकती एरवी गप्प बसून असते. व्होल्टेज तिच्या मर्यादेपलीकडे गेलं की ती स्वतः शॉर्ट होते, फ्यूज उडवते आणि मागचा टीव्ही वाचवते. काही कारागीर ती काढून टाकतात आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार मारून देतात. टीव्ही चालू होतो, गिऱ्हाईक खूश. पण पुढच्या वेळी घरात आग लागायची वाट मोकळी होते. हे मला अजिबात पटत नाही. चहाच्या किमतीची वस्तू आहे, ती बसवायलाच पाहिजे.

४७१ नंबरची नवी चकती आणि त्याच मापाचा फ्यूज बसवला. थेट करंट न देता मधे १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावला. आत अजून शॉर्ट असता तर बल्ब भगभगून पेटला असता. तो क्षणभर उजळला आणि मंद झाला. मीटरवर स्टँडबायचे ५ व्होल्ट आले, लाल दिवा लागला. मामांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला मिळतं म्हणूनच मी या धंद्यात आहे.

ते पैसे द्यायला लागले तोच एक ताई आल्या. त्याच गावच्या, त्याच गल्लीतल्या. महिला संघातून कर्ज काढून घेतलेला ४३ इंची टीव्ही, तोही काल सांजेपासून बंद. झाकण काढलं तर चकतीचा कोळसा झालेला आणि मोठ्या ४५० व्होल्टच्या कपॅसिटरचं डोकं फुगून वर आलेलं.

इथे माझं डोकं चालायला लागलं. आकाशातली वीज बरेचदा डिशच्या वायरीतून शिरते आणि मेन बोर्ड जाळते. या दोन्ही टीव्हींचे मेन बोर्ड वरून तरी स्वच्छ होते, मार बसला होता तो करंट आत येतो तिथे. वीज पडली तर सगळा खेळ डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. कपॅसिटर असा फुगायला बराच वेळ जादा व्होल्टेज मिळावं लागतं.

"ताई, काल सांजेला घरातले बल्ब कसे पेटत होते?"

"भक्क! फॅन तर असा फिरत होता की बंदच केला. आणि आमच्या जाऊबाईंकडे उलटं, बल्ब नुसता लालसर."

एका घरी भक्क, शेजारी लालसर. न्यूट्रल तुटलीय, दुसरं काही नाही. खांबावरून तीन फेज, म्हणजे करंटच्या तारा, आणि एक न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, येते. घराला फेज आणि न्यूट्रल मिळून २३० व्होल्ट मिळतात. न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांतून जोडली जातात आणि फेजांमधलं व्होल्टेज, दोन फेजमध्ये ४००, त्यांच्यात लोडप्रमाणे कमी-जास्त वाटलं जातं. ज्या फेजवर लोड कमी, तिथे व्होल्टेज चढतं. जिथे मोटार, हीटर चालू, तिथे पडतं. घरातला एमसीबी यात पडत नाही, कारण तो जादा करंट ओळखतो, जादा व्होल्टेज नाही.

म्हणजे गावात आत्ताही तेच चालू होतं. मामांना म्हटलं, "घरी फोन लावा. गल्लीत सगळ्यांना मेन स्विच बंद करायला सांगा. आणि कुठं तार लोंबकळत असेल तर कोणी जवळ जाऊ नका, त्या न्यूट्रललाही आता झटका असतो." दुकान भावाकडे सोपवून मीटर घेतला आणि मामांच्या मागोमाग गाडी काढली.

ताईंच्या मीटर बोर्डावर मीटर लावला: ३४८. जाऊबाईंचा स्विच अजून चालूच, तिथे ११०. तिथला फ्रिज नुसता हूं हूं करत होता, कॉम्प्रेसर उचलत नव्हता. आधी त्याची पिन ओढली. गल्लीच्या टोकाला फणसाची फांदी तारांवर पडून खाली घसरली होती आणि खांबावरचा जंपर, म्हणजे तारांचा जोड, काळा पडला होता. वीज कंपनीचा लाईनमन भर पावसात आला, वर बघूनच कानडीत म्हणाला, "न्यूट्रल कट आगैत्री." ट्रान्सफॉर्मरवरून लाईन बंद करून वर चढला आणि नवा जोड घट्ट आवळला. लाईन चालू झाल्यावर मी घरोघर मीटर लावत गेलो. २२८, २३१, २२९. मगच म्हटलं, आता स्विच टाका.

त्या गल्लीतून पुढे आणखी टीव्ही आले, सेट टॉप बॉक्सचे अडॅप्टर आले, चार्जर तर पिशवीभर. बरेचसे टीव्ही चकती आणि फ्यूजवर निभावले. सकाळी पहिला टीव्ही तसाच परत पाठवला असता, तर घरी पिन लावताच नवी चकतीही फुटली असती. म्हणून हल्ली दिवा नसलेला टीव्ही कुठूनही आला, की मी आधी त्या घरचं व्होल्टेज विचारतो. बंद टीव्ही एकाच गल्लीतले असतील तर मीटर घेऊन तिकडे जातो. गल्लीतल्या बहुतेक घरांत मीटर बोर्डाशेजारी व्होल्टेज वाढलं की लाईन तोडणारा प्रोटेक्टर बसवून दिला. बाजारातल्या स्पाइक गार्डच्या पट्टीत हीच चकती असते. तासभर जादा व्होल्टेज राहिलं तर तिच्याने काही होत नाही.

ताईंचा टीव्ही मात्र अडला. कपॅसिटर बदलला, पण मागचा मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा भाग) आणि त्याला चालवणारा आयसी दोन्ही गेलेले, खालचा ट्रॅकही जळलेला. कुठल्याही टीव्हीला जुळवता येणारा युनिव्हर्सल बोर्ड बसवता आला असता, पण ज्या टीव्हीचे हप्ते अजून चालू आहेत त्यात जुळवाजुळव करायचं मनाला येईना. बेळगावात ओळखीच्या एकाकडे त्याच मॉडेलचा, पडदा फुटलेला टीव्ही पडून होता. त्याचा पॉवर बोर्ड काढून आणला, सिरीज बल्बवर तपासला आणि ताईंच्या टीव्हीत बसवून घरी नेऊन दिला.