अण्णा, मुंबईत दिवसभर काय बघता ओ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर मी हा विषय आपणहून काढत नाही. काढला की समोरचा मोबाइल बघायला लागतो.

सोलापूरच्या चाटी गल्लीतले दुकानदार, आमच्या कारखान्यातले मागवाले, दोन्ही मेहुणे, सगळ्यांचा प्रश्न एकच. "अण्णा, मुंबईला कामाला जाता ते ठीक आहे. काम दुपारीच संपतं. मग रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसपर्यंत त्या म्युझियममध्ये काय बघत बसता ओ? आम्ही गेलतो, तासाभरात झालं बघून." मग जरा आवाज खाली करून दुसरा प्रश्न येतो, आणि खरा तोच असतो. "कळतं का त्यातलं काही?"

माझं काम चादरीची डिझाइनं काढण्याचं. पूर्वी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचा, मग त्यावरून जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पत्त्यांना भोकं पाडायची. आता ते सगळं कॉम्प्युटरवर होतं, डोळे तेवढे जातात. सोलापुरी जकार्ड चादर दुहेरी विणीची असते. वरून लालावर पांढरं फूल असेल तर खालून पांढऱ्यावर लाल. म्हणून आमच्याकडचा माणूस चादर हातात घेतली की आधी कोपरा उलटा करून बघतो. भाव नंतर. ही खोड घेऊन मी म्युझियममध्ये जातो आणि तिथं सगळं काचेत. उलटं करता येत नाही, याची चुटपुट अजून लागते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा तुमच्यासारखंच केलं. बायको, लहान मुलगी, आणि तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून तिन्ही मजले. प्रत्येक पाटी वाचायची असा हट्ट माझाच. दुसऱ्या मजल्यावर मुलगी फरशीवर बसली ती उठेना. सोलापूरला उतरल्यावर आईनं विचारलं, "काय बघितलं?" तिघांना मिळून आठवले ते भुसा भरलेले प्राणी.

त्यानंतर माझा एक हिशोब ठरला. नकाशावर सोलापूरभोवती शंभर-एक किलोमीटरचं रिंगण मारायचं, आणि त्या रिंगणातलं मुंबईत काय आहे ते आधी शोधायचं. बाकीचं वेळ उरला तर.

हे शोधणं स्टेशनाबाहेरच सुरू होतं. सिद्धेश्वर एक्सप्रेस भल्या सकाळी सीएसएमटीला सोडते. तोंड धुऊन, चहा घेऊन बाहेर पडलात की शेजारीच जीपीओची इमारत आहे, मुंबईचं मोठं टपाल कार्यालय. जॉन बेग या वास्तुविशारदाची ही इमारत १९१३ साली पुरी झाली. लोक तिच्यासमोरून धावत लोकल पकडतात. तुम्ही दोन मिनिटं थांबा आणि घुमटाकडे बघा. कुठं बघितलाय? शाळेच्या सहलीत बघितलाय. विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलाय तो.

तिथून हुतात्मा चौकावरून चालत गेलं की वीस-पंचवीस मिनिटांत काळा घोडा हा भाग येतो आणि समोर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुन्या लोकांचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. पायाभरणी १९०५ साली त्या वेळच्या युवराजाच्या, म्हणजे पुढच्या पंचम जॉर्जच्या हस्ते. इमारत बांधून झाली तोवर पहिलं महायुद्ध आलं, आणि तिथं सैनिकांचं इस्पितळ झालं. म्युझियम म्हणून दारं उघडली ती १९२२ साली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. या गृहस्थानं बाहेरचा घुमट गोवळकोंड्याच्या धर्तीवर केला. म्हणजे बाहेरून बघून तुम्ही "हा पण आपलाच" म्हणाल तर फसाल. आपलं आहे ते आत. मधल्या दालनात उभं राहायचं आणि मान वर करायची.

वर ज्या कमानी एकमेकींना कापत जातात, त्या विजापूरच्या. खाली खोली चौकोनी आणि वर घुमट गोल, हे बसवायचं कसं, हा प्रश्न आदिलशाहीतल्या गवंड्यांपुढं होता. गोल घुमट म्हणजे मोहम्मद आदिलशाहाची कबर, १६५६ च्या सुमाराची. घुमटाचा बाहेरचा व्यास जवळजवळ १४४ फूट आणि मध्ये एकही खांब नाही. त्यांनी काय केलं ते रांगोळीवरून सांगतो. सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या वाटेवर आपल्या बायका रांगोळ्या काढतात, त्यात एका चौकोनावर दुसरा चौकोन तिरका टाकतात ना? आठ टोकांची चांदणी होते, आणि मधोमध अष्टकोन उरतो. तीच चांदणी कमानींनी काढायची. कमानी एकमेकींना छेदत वर आत झुकत जातात, मधली जागा आवळत आणतात, आणि त्या आवळलेल्या कड्यावर घुमट बसतो. घुमटाचं वजन बाहेर रेटायला बघतं, आत झुकलेल्या कमानी ते पेलून धरतात. मी हे पहिल्यांदा मुंबईत समजून घेतलं. विजापूरला सात वेळा गेलो असेन, पण तिथं आवाज घुमटात फिरतो, म्हणून आपण टाळ्या वाजवत असतो.

पाऊण तास तिथंच जातो. रखवालदाराला वाटतं, याचं कुणीतरी हरवलंय. त्याच दालनात जुन्या वाड्याचे लाकडी खांब आणि सज्जा बसवलेत, तेही बघून घ्या. आपल्याकडं वाडे पाडून त्यांचं लाकूड जुन्या बाजारात किलोवर जातं, त्यामुळे मला ते बघताना जरा त्रासच होतो. असो.

मग दख्खनी लघुचित्रं. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह गाण्याचा आणि चित्रांचा शौकीन होता. त्याच्या दरबारातून जी शैली निघाली तिची ओळख इथं होते. चेहऱ्यांकडं सगळेच बघतात. मी जाम्याचं, म्हणजे अंगरख्याचं, कापड बघतो. बुट्टी कशी बसवलीय, ओळीत की तिरकी, दोन बुट्ट्यांत जागा किती सोडलीय. झिरझिरीत मलमलीतून आतला रंग दिसतो, तो चित्रकारानं नुसत्या पातळ पांढऱ्यानं दाखवलाय. आम्ही हे मागावर करायचं म्हटलं तर नंबरी सुतापासून भांडण सुरू होईल.

रिंगणाबाहेरचंही बघतो, नाही असं नाही. पण तिथंही काही ओळखीचं सापडलं की थांबतो. असीरियाचे दगडी पट आहेत, निमरुदच्या राजवाड्यातले, दुसऱ्या अशुरनासिरपालच्या काळातले. म्हणजे इसवी सनाच्या आधी नववं शतक. पाटीवरचं नाव उच्चारता उच्चारता जीभ वळते. पण आकृत्यांच्या कपड्याची कड बघा. दशा! काठाला सुटलेले दोरे, एकेक वेगळा कोरलेला. आमच्या चादरीला असतात तशाच. दगडात दशा कोरणाऱ्या त्या माणसानं आधी कुणातरी विणकराच्या मागाशेजारी उभं राहून बघितलं असणार, त्याशिवाय हे जमत नाही. मी भाकरी खाताना बायकोला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं. चटणी डब्यातली सगळी संपवा, वास लागेल."

मीरपूर खासची भाजलेल्या मातीची शिल्पंही सोडू नका. सिंधमधल्या बौद्ध स्तूपावरची. हातात कमळ घेतलेला एक उपासक आहे, केसांच्या वळणदार बटा, धोतराच्या चुण्या. तो स्तूप १९०९-१० मध्ये खणला हेन्री कझिन्स यांनी. आणि विजापूरच्या इमारतींची तपशीलवार नोंद करून ठेवणारेही हेच कझिन्स. त्यामुळे मीरपूर खास मी ओढूनताणून रिंगणात घेतलंय.

शेजारी जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ पासूनची, आत जायला पैसे पडत नाहीत. इथं बुजायचं कारण नाही. ज्याची चित्रं लागलीत तो चित्रकार बहुतेक वेळा तिथंच खुर्चीवर बसलेला असतो आणि कुणी काही विचारत नाही म्हणून कंटाळलेला असतो. मी सरळ विचारतो, "हा निळा एवढा का दाबलात?" एकदा एकानं खुर्ची दिली आणि अर्धा तास समजावलं. कळलं अर्धंच. पण त्यानं मला उलट विचारलं, चादरीत किती रंग घेता? मी म्हटलं, फार नाही, प्रत्येक रंगामागं खर्च वाढतो. तो म्हणाला, आमच्यात पण. गॅलरीबाहेर फुटपाथवर बसून चित्रं विकणारे असतात, मला कधीकधी तेच जास्त आवडतात.

रस्त्यापलीकडं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, जुना कावसजी जहांगीर हॉल. हाही विटेटचाच, १९११ चा. १९९६ पासून इथं चित्रं लागतात. अर्धगोल सज्जे एकावर एक चढत जातात. सोमवारी बंद. प्रदर्शनं बदलतात, म्हणून अमुकच दिसेल असं सांगत नाही. पण हुसेन दिसले तर थांबा. मकबूल फिदा हुसेन, जन्म १९१५, पंढरपूर. आपल्या जिल्ह्यातले. मुंबईत सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवून पोट भरलं आणि १९४७ साली प्रोग्रेसिव्ह या नव्या चित्रकारांच्या गटात आले. अनवाणी फिरायचे हे वाचलं की आपल्याला लगेच वारी आठवते. तसा काही संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण आठवते. त्यांची रेष बघा. ग्राफवर बसवायला गेलात तर बसणार नाही, चौकोनात मावतच नाही ती.

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय मात्र वेगळ्या दिवसाला ठेवा, बुधवार सोडून. १८७२ चं, राणीच्या बागेला लागून. ज्याच्यावरून काळा घोडा हे नाव पडलं तो घोडा आता तिथं उभा आहे.

कळतं का, याचं उत्तर राहिलं. पुष्कळसं नाही कळत. चिनी मातीची भांडी बघून मला अजून काही होत नाही, तिथून मी झपाझप जातो.

एवढं सगळं मी चाटी गल्लीतल्या त्या दुकानदाराला सांगितलं होतं. गेल्या महिन्यात तो साडीच्या खरेदीला मुंबईला गेला. दुपारी फोन. मागं शाळेच्या पोरांचा गलका.

"अण्णा, उभा आहे बघा मधोमध. वर कमानी दिसल्या. चांदणी बरोबर आहे तुमची."

"मग?"

"टाळी वाजवून बघितली. फिरत नाही ओ आवाज इथं." जरा थांबला. "थांबा, तो रखवालदार यायलाय. नंतर बोलतो."