गुडघ्याची गोळी

आईचं बीपी सहा महिने १६०च्या खाली यायला तयार नव्हतं. टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५, दोन्ही गोळ्या चालू होत्या. दर महिन्याला दवाखान्यात १६८/९६, नाहीतर १६४/९४. मी तिच्या जेवणावर पहारा बसवला. पापड बंद, लोणच्याची बरणी माझ्या घरी आणून ठेवली. आकडा हलेना, तेव्हा एक दिवस मी तिला स्पष्टच म्हटलं, "आई, तू चोरून काहीतरी खातेस." ती काहीच बोलली नाही.

शेवटी डॉक्टर तिसरी गोळी सुरू करायची म्हणाले, लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी. त्याआधी आणखी एकांना दाखवावं म्हणून आम्ही दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "काकू, घरात जे जे औषध म्हणून पोटात जातं ते सगळं एका पिशवीत घालून आणा. चूर्ण, काढा, सगळं."

पिशवी भरायला मला अर्धा तास लागला. फ्रिजवरचा डबा, देवघराखालचा खण, उशाशी ठेवलेली पर्स. कात्रीने कापलेले दोन-दोन, चार-चार गोळ्यांचे तुकडे, त्यातल्या निम्म्यांवर नावच उरलेलं नाही.

डॉक्टरबाईंनी एक तुकडा उजेडात धरला. "ही कशाची?"

"ती होय, गुडघ्याची."

ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. सकाळ-संध्याकाळ, सात महिने. मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देत होता. आईच्या लेखी ते बीपीचं औषध नव्हतं, मग बीपीच्या डॉक्टरांना कशाला सांगायचं? आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

बाईंनी समजावून सांगितलं, ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. ॲसिक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं, म्हणून दाब वाढतो आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळीचा जोर कमी पडतो. त्यात ती तिसरी गोळी आली असती, तर तिन्ही मिळून मूत्रपिंडालाच धोका होता. हे ऐकून माझे हातपाय गार पडले. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, किंचित वाढलेलं निघालं.

ज्येष्ठमधाचं चूर्णही त्यांनी बंद केलं. घशासाठी आई रोज रात्री मधातून घ्यायची. त्यानेही अंगात मीठ साठतं आणि दाब चढतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग त्यांनी ॲम्लोडिपिनच्या पट्ट्या मोजल्या. दोन महिन्यांपूर्वी आणलेल्यांतल्या निम्म्या तशाच होत्या. आई हळू आवाजात म्हणाली, "पाय सुजतात हो त्याने. म्हणून एक दिवसाआड घेते." डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. या गोळीने पाय सुजतात हे खरंच आहे, म्हणाल्या, आणि तिच्या जागी सिल्निडिपिन दिली.

रिक्षात मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? "तू आधीच लोणच्यावरून एवढी बोलत होतीस," ती म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गुडघ्याची गोळी थांबली. आता वरून लावायचं जेल आणि मांडीचे व्यायाम. बीपी आम्ही घरीच मोजतो: पाच मिनिटं शांत बसायचं, पट्टा छातीच्या उंचीला, दोनदा मोजून वहीत लिहायचं. चौथ्या आठवड्यात १३६/८२ आलं. मी पुन्हा एकदा मोजलं, १३४.

गुडघा मात्र दुखतोच. फारच दुखलं तर साधी पॅरासिटामॉल घ्यायची, पण तीही रोज नाही, असं बाईंनी बजावलंय. सकाळी जिना उतरताना आई कठडा धरून प्रत्येक पायरीवर थांबते. पुढच्या महिन्यात गुडघ्यासाठी हाडाच्या डॉक्टरांकडे जायचंय. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.