सुकाणूपाशी ओरडून दिलेले हुकूम

माझे बाबा गोदीत फिटर होते. जहाजाचं सुकाणू हातानं फिरवायचं म्हणजे किती माणसांचा घाम निघतो, हे त्यांनी मला लहानपणी समजावलं होतं. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन नौदलाचा कमांडर अर्नेस्ट इव्हान्स माझ्या मनातून जात नाही.

ओक्लाहोमातला मूळनिवासी वंशाचा हा माणूस १९४२ साली जावाच्या समुद्रातल्या पराभवाच्या वेळी ‘ऑल्डन’ या जुन्या विनाशिकेवर होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये ‘जॉन्स्टन’ ही नवी विनाशिका ताब्यात घेतानाच त्यानं खलाशांना बजावलं, हे लढणारं जहाज आहे, ज्याला यायचं नसेल त्यानं आत्ताच उतरावं. कोणी उतरलं नाही.

२५ ऑक्टोबर १९४४, फिलिपिन्समधल्या समार बेटाजवळची सकाळ. समोर ‘यामाटो’सह चार अवाढव्य जपानी युद्धनौका आणि त्यांच्याहून लहान लढाऊ जहाजं, म्हणजे क्रूझर. मागे अमेरिकेची छोटी विमानवाहू जहाजं. हुकमाची वाट न पाहता इव्हान्सनं धुराचा पडदा सोडत ‘जॉन्स्टन’ पुढे घातली, दहाही टॉर्पेडो सोडले आणि ‘कुमानो’ क्रूझरचं नाक उडवलं. मग ‘जॉन्स्टन’वरही तोफगोळे आदळले. इव्हान्सच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. जहाज चालवायच्या वरच्या कक्षातून ते वळवता येईना, तेव्हा तो मागच्या टोकाला गेला आणि डेकवरच्या उघड्या झाकणातून खाली ओरडून हुकूम देऊ लागला. खाली खलाशी हातानं सुकाणू फिरवत होते. बाबांना हे सांगायला हवं होतं.

दहाच्या सुमारास जहाज बुडालं. ३२७ पैकी १८६ जण गेले. इव्हान्स सापडला नाही.