टपावरचे ६३ पोचे: विम्याचा क्लेम एकदाचा हलला

मागच्या वेळी लिहिलं होतं की कार्बोरेटर बसला, आता दिवाळीपर्यंत बाबांच्या जुन्या फियाट पद्मिनीला हात लावायचा नाही. मार्चातल्या गारपिटीनं पंधरा मिनिटांत ते वाक्य खोटं पाडलं. शेडमध्ये हरभऱ्याचं कुटार, म्हणजे भुसा, भरलेलं, म्हणून गाडी आठ दिवसांपुरती बाहेर, निंबाखाली. गारा लिंबाएवढ्या. समोरची काच तडकली. बॉनेट, टप, डिकी, सगळीकडे पोचेच पोचे. संत्र्याचा आंबिया बहार झडला तो वेगळाच. त्यावर घरात कोणी बोलत नाही.

गारपीट विम्याच्या ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीत बसते, त्यावर वाद नव्हता. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती पॉलिसी असती तर बसलो असतो काच पुसत. घोळ आयडीव्हीचा, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीचा झाला. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही मालकानं आणि कंपनीनं आपसात ठरवायची असते. मी हप्ता वाचवायच्या नादात ती ४०,००० वर ठेवली होती. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडची. म्हणजे माझी रेघ ३०,०००. अमरावतीच्या एका गॅरेजनं एस्टिमेट दिलं ३८,६००: नवं बॉनेट, पूर्ण गाडीचा रंग, वर ‘किरकोळ’ म्हणून ३,०००. नुकसान तपासायला आलेले विम्याचे सर्व्हेअर शांतपणे म्हणाले, "भाऊ, आरसी जमा करा अन् पैसे घेऊन मोकळे व्हा." बाबांची गाडी. त्या रात्री जेवण गेलं नाही.

दोन दिवस पॉलिसीच्या मागची बारीक अक्षरं वाचली आणि गणित उलटलं. दहा वर्षांवरच्या गाडीच्या नव्या लोखंडी पार्टच्या किमतीतून ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापतात, रबर-प्लास्टिकवरही ५०. काचेवर शून्य. मजुरीवरही शून्य! मग नवं बॉनेट हवंच कशाला? जुनंच ठोकून सरळ करायचं. आमच्या गावच्या डेंटरकाकांकडून नवं एस्टिमेट घेतलं: काच ४,५००, काचेभोवतीचं बीडिंग रबर ९००, डेंटिंग ९,०००, रंग १२,०००. एकूण २६,४००. रेघेच्या आत. रंगाच्या एकत्र बिलात २५ टक्के माल धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणजे १,५०० गेले. रबराचे ४५० गेले. क्लेममध्ये आपण सोसायचे सक्तीचे १,००० वजा. हाती २३,४५०. हे मी वहीत तीनदा मांडलं.

आता सर्व्हेअर टपावर अडले. "हे तं जुनंच आहे ना, पुट्टी फुटलेली." पुट्टी म्हणजे रंगाखालचा भराव. दुपारी दोनचं ऊन, पांढरा टप, मलाच काही दिसत नव्हतं. त्यांना चहाला थांबवलं, कुटार बाजूला सारून गाडी शेडमध्ये घेतली आणि ट्यूबलाइट टपाला आडवी धरली. पत्र्यातलं प्रतिबिंब सरळ रेघ असायला हवं. ते गारेगणिक मुरडत होतं. प्रत्येक मुरडीला खडूनं गोल. त्रेसष्ट. पुट्टीच्या जुन्या भेगेत काळा मळ आणि गंज बसलेला असतो, नव्या तड्याची कड स्वच्छ. पाच ठिकाणी नख लावून दाखवलं. एक जुनी भेग निघाली, ती मीच सोडून दिली. शिवाय तलाठ्यांच्या पंचनाम्याची प्रत जोडली: तेच गाव, तीच तारीख, शेजारचीच संत्र्याची बाग. त्यावर ते पहिल्यांदा हसले. काल मंजुरी आली.

एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल म्हणून क्लेम करू नका, असं सांगणाऱ्यांनी आपला ओन डॅमेजचा हप्ता एकदा बघावा. माझ्या ५० टक्के एनसीबीची किंमत सातशे-आठशे रुपये. खरं दुखणं थर्ड पार्टीच्या हप्त्याचं: २०२२ च्या दरानं १,००० सीसीच्या आत २,०९४, वर गेलं की ३,४१६. पद्मिनी १,०८९ सीसी. ८९ सीसीचा भुर्दंड!

गोंदानं टॅब चिकटवून पोचा ओढायचं ग्लू पुलरचं किट मागवू नका. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर लावलं तर पोचा तिथंच राहतो आणि रंग टॅबबरोबर हातात येतो. डिकीवर रुपयाएवढा चट्टा पडलाय, त्याचा क्लेम अर्थातच नाही. ड्रायर आणि बर्फानं पोचे काढायचे व्हिडिओ तर सोडाच, बर्फ पुरेसा पडून झालाय.

काच मुंबईहून मागवलीय. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, तेव्हा एक जास्तीची घेऊन ठेवायला हवी होती.

लिहिता लिहिता सुचलं. टप बाहेरून ठोकण्यापेक्षा आतलं रेक्झिन उतरवलं तर पोचे मागून उचलता येतील, पुट्टी जवळपास लागणारच नाही. आणि उघडा पत्रा मिळालाच आहे तर गंजरोधकाचा हातही मारून घेऊ. म्हणजे रंगाची तारीख पुढे. पॉलिसीच्या नूतनीकरणाला आयडीव्ही वाढवून मागणार, फोटो आणि बिलांची फाइल तयार आहे.

शनिवारी रेक्झिन उतरवतो. आत गंज निघाला तर वहीतलं गणित चौथ्यांदा. तोवर फियाट शेडमध्ये आणि कुटार बाहेर, ताडपत्रीखाली.