सोळावा माणूस

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार. न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे तीन वाजले की त्या हंगामापुरते एनबीएतले, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधले, ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) बंद. मी ज्या संघात काम करतो त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्या वर्षी तो तळाशी होता, एवढं पुरे.

माझं काम पगाराच्या गणिताचं. कुणाचा करार किती, कुणाला दिलं तर कुणाला घेता येईल, नियमात काय बसतं, हे मी बघतो. तीन आठवडे मी एकाच प्रस्तावामागे लागलो होतो. आमचा ३२ वर्षांचा गार्ड (चेंडू खेळवणारा खेळाडू), उन्हाळ्यात करार संपणारा, विजेतेपदाच्या शर्यतीतल्या एका संघाला द्यायचा. बदल्यात दोन तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीची एक ड्राफ्ट पिक घ्यायची. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची दरवर्षीची निवड, पिक म्हणजे त्यातला निवडीचा नंबर; जितका वरचा तितका मोलाचा.

कोचचा विरोध होता. "तो गेला तर या पोरांना शेवटच्या दोन मिनिटांत कसं खेळायचं ते कोण शिकवणार?" त्यांच्या म्हणण्यात वजन होतं. तरी माझं मत पक्कं होतं, आजही आहे. हरणाऱ्या संघाने ठिगळं लावू नयेत. २०१३ मध्ये ब्रुकलिनच्या संघाने पस्तिशी गाठलेले बडे खेळाडू गार्नेट आणि पिअर्स घेतले आणि बॉस्टनला २०१४, २०१६, २०१८ च्या पहिल्या फेरीच्या पिक दिल्या, वर २०१७ ची अदलाबदल करण्याचा हक्क. त्यातूनच बॉस्टनला जेलेन ब्राउन मिळाला, टेटमही मिळाला, आणि २०२४ चं विजेतेपद त्या दोघांनी आणलं. असा सौदा करायचा तर बॉस्टनच्या बाजूने करावा.

समोरच्या संघाने जवळच्या वर्षांच्या पिक आधीच वाटून टाकल्या होत्या. पुढच्या लागोपाठ दोन वर्षांत पहिल्या फेरीची एकही पिक नाही, अशी वेळ कुठल्या संघावर येऊ नये असा लीगचा नियम आहे. १९८० च्या सुमाराला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन पिकवर पिक देत सुटले होते, नियमाला नाव त्यांचंच पडलं. त्यामुळे आम्हाला मिळू शकत होती ती २०२९ ची. तिच्यातून जो मुलगा येईल तो तेव्हा नववी-दहावीत असेल. ती पिक पहिल्या दहात आली तर आम्ही देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ओढाताण करून ते पहिल्या चारवर आले. तोवर साडेबारा वाजले होते.

आणि मग हिशेब अडला.

आमच्या गार्डचा पगार १ कोटी ३० लाख डॉलर. त्यांच्या दोघांचा मिळून १ कोटी २७ लाख. आम्हाला ३ लाखांचा फरक चालत होता. त्यांना चालत नव्हता, कारण ते 'फर्स्ट एप्रन' या संघाच्या एकूण पगाराच्या रेषेच्या वर होते. त्या हंगामात ती रेषा १७ कोटी ८१ लाख डॉलरच्या आसपास होती. तिच्या वरच्या संघाला ट्रेडमध्ये दिलेल्यापेक्षा एक डॉलरही जास्त पगार घेता येत नाही. रोख रक्कम देऊन हा फरक भरत नाही. तिसरा संघ मध्ये आणायला वेळ नव्हता.

उपाय मलाच सुचला. त्यांच्याकडचा किमान पगारावरचा एक खेळाडू त्यांनी सोबत द्यायचा. वीसेक लाख वाढले की त्यांचं पारडं जड. जनरल मॅनेजरनी फोन लावला, दोन मिनिटांत होकार आला.

पण संघात जास्तीत जास्त १५ नियमित करार. आमचे १४ होते. एक जागा मीच आग्रहाने रिकामी ठेवायला लावली होती. एक जाऊन दोघे आले असते तर बरोबर पंधरा. तिघे आले तर सोळा. येणाऱ्याला आधी घेऊन मग सोडता येत नाही, जागा आधी रिकामी करावी लागते. म्हणजे आमच्या उरलेल्या तेरांतला एक तासाभरात करारमुक्त करायचा.

"कोण?" जनरल मॅनेजरनी माझ्याकडे बघून विचारलं.

उत्तर माझ्या तक्त्यात होतं. सगळ्यात कमी पगार, बेंचचं शेवटचं टोक. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नव्हतं. आधी दहा दिवसांचा करार, मग आणखी एक, आणि मग हंगामभराचा, असा तो चढत आला होता. सराव संपल्यावर तो माझ्या खोलीत यायचा. आम्ही त्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या थ्री-पॉइंटरचे, म्हणजे लांबून घेतलेल्या तीन गुणांच्या शॉटचे, व्हिडिओ बघायचो. पाय कुठे पडतो, खांदा कधी वळतो, एकेक शॉट चार-चारदा.

मी त्याचं नाव सांगितलं. दुसरं नाव सांगणं खोटं झालं असतं.

गार्डसाठी मला फार वाईट वाटलं नाही. नागपूरला माझे बाबा ट्रेडला 'बदली'च म्हणतात. बँकेत त्यांची दर तीन वर्षांनी व्हायची. ऑर्डर हातात पडली की आई भांडी पोत्यात भरायला घ्यायची आणि आमच्या शाळेचे दाखले निघायचे. इथे तेवढीही सवड नसते. ट्रेड नाकारण्याचा हक्क करारात असलेले खेळाडू हातावर मोजण्याइतके. तरी गार्ड चांगल्या संघात, पूर्ण पगारावर चालला होता. या मुलाची बदली झाली नव्हती. ट्रेडच्या कागदावर त्याचं नावच नव्हतं.

दोन पंचेचाळीसला लीगच्या कार्यालयाशी कॉल झाला. दोन्ही संघांनी अटी वाचून दाखवल्या, तिकडून मंजुरी आली. खोलीत कुणीतरी टाळी वाजवली, मग ती तिथेच थांबली.

संध्याकाळी तो खांद्याला बॅग अडकवून माझ्या दारात उभा राहिला. मी त्याला बसवलं आणि आधीच सांगितलं की तिसरा खेळाडू मागायची कल्पना माझी होती, आणि तुझं नावही मीच दिलं. ते त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

तो बराच वेळ जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "किती कमी पडत होते?"

"तीन लाख."

त्याने मान हलवली. मग डाव्या कोपऱ्यातल्या सगळ्या क्लिप मागितल्या. दोन दिवसांत दुसऱ्या कुठल्या संघाने उचललं नाही तर पुन्हा खालच्या लीगमध्ये जाऊन सुरुवात करायची होती. मी पेनड्राइव्ह लावला. फायली जायला दहा-बारा मिनिटं लागली. तेवढा वेळ तो उभाच होता.

"चुकलेलेही घेतलेस ना?" त्याने विचारलं.

घेतले होते.