फ्रँकफर्टच्या काचेआड

१ डिसेंबर २०२३, शुक्रवार. संध्याकाळी बॉस्टनहून निघाले. शनिवारी सकाळी म्युनिक, तिथून मुंबई, मग नाशिक, असा बेत होता. पहाटे नाश्ता वाटत असतानाच वैमानिकाने सांगितलं की रात्रभरच्या बर्फामुळे म्युनिक विमानतळ बंद केलाय, आपण फ्रँकफर्टला उतरतोय.

आधी दुपारपर्यंत बंद म्हणाले, मग रविवारी सकाळी सहापर्यंत. त्या दिवशीची ७६० उड्डाणं रद्द झाली. रेल्वे ठप्प, बायर्न म्युनिक या तिथल्या फुटबॉल संघाचा घरच्या मैदानावरचा सामनाही रद्द. हे सगळं मी फ्रँकफर्टला उतरल्यावर फोनवर वाचलं, कारण समोर वाचण्याखेरीज काही करण्यासारखं नव्हतं. ट्रान्स्फर काउंटरची रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती.

बर्फाबद्दल माझी तक्रार नाही. पंखावर बर्फाचा पातळ थर राहिला तरी विमानाची वर उचलली जाण्याची ताकद कमी होते, म्हणून गरम द्रावण फवारून तो काढल्याशिवाय कुणी उडत नाही, उडूही नये. जीव टांगणीला लागला तो रांगेत. माझ्या पुढच्या जर्मन कुटुंबाला हॉटेलची कुपनं मिळाली. त्यांच्या मागच्या कॅनडाच्या मुलालाही मिळाली. माझा पासपोर्ट हातात घेऊन काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "शेंगेन व्हिसा?" म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रियासारख्या आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा सामायिक व्हिसा. तो नव्हता.

अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यामुळे मला जर्मनीत विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नव्हता. पण ही मुभा आतल्या आतच. इमिग्रेशनची खिडकी ओलांडायची नाही, म्हणजे हॉटेलही नाही. शिवाय शेंगेन देशांमधल्या दोन शहरांतलं विमान देशांतर्गतच धरलं जातं. बाईंनी मला फ्रँकफर्ट–व्हिएन्ना–दिल्ली असं नवं तिकीट दिलं. व्हिएन्नाचं विमान पकडायचं तर आधी जर्मनीत प्रवेश करायला हवा, आणि तोच मला करता येत नव्हता. मी हे सांगितल्यावर त्यांनी पडद्यावर पुन्हा पाहिलं, मान हलवली आणि तिकीट रद्द केलं. सीमा पोलीस अपवाद म्हणून तिथल्या तिथे व्हिसा देऊ शकतात, पण त्या खिडकीपुढे तान्ही लेकरं घेऊन ताटकळलेली माणसं पाहिली आणि मी तो नाद सोडला.

आईला फोनवर हे समजावत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, मराठी का तू?"

कराडच्या काकू. वय सत्तरच्या आसपास. लेकीचं बाळंतपण उरकून एकट्याच परत निघालेल्या. व्हीलचेअरवाला त्यांना काउंटरपाशी सोडून गेला, तो पुन्हा फिरकला नव्हता. हातातल्या कागदावर तेच व्हिएन्ना! मी तो कागद पाहिला आणि माझ्या पोटात गोळाच आला. या बाईला कुणीतरी त्या गेटकडे पाठवलं असतं, पासपोर्ट तपासणीला अडवलं असतं आणि आपल्याला का अडवलंय हे तिला कोणत्याच भाषेत कळलं नसतं. आई-वडिलांचं तिकीट काढताना आपण भाडं बघतो, सामान किती नेता येईल ते बघतो. मधल्या देशात अडकलं तर त्यांना दाराबाहेर पडता येईल का, हे कुणी बघत नाही. ते बघायलाच हवं.

काकूंचा शनिवारचा उपास होता आणि त्या इन्सुलिन घेणाऱ्या. लेकीने इन्सुलिनची पेनं हातातल्या पिशवीतच दिली होती, हे फार बरं झालं. मोठ्या बॅगेत असती तर मिळालीच नसती, शिवाय सामानाच्या कप्प्यात गोठण्याची भीती, आणि गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं. मी म्हटलं, "काकू, आज उपास सोडा." त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "मारुतीराया घेईल समजून," म्हणाल्या, आणि पिशवीतला मेथीचा ठेपला काढून अर्धा मला दिला. मग पोटाला सुई टोचून घेतली, टोपण लावलं, पेन रुमालात गुंडाळून पुन्हा पिशवीत. माझ्या हातांना कंप सुटला होता, त्यांचे हात स्थिर होते.

रात्री फोल्डिंगच्या खाटा आणि पातळ पांघरुणं मिळाली. अमेरिकन चार्जर जर्मन सॉकेटमध्ये बसत नाही. एका तेलुगू मुलाने स्वतःचा अ‍ॅडॅप्टर दिला आणि त्यावर आळीपाळीने आम्हा सगळ्यांचे फोन चार्ज झाले. काकू झोपल्या. मी बोर्डाकडे बघत बसले.

रविवारी मी काउंटरवर एकच धोशा लावला: आम्हाला एकत्र पाठवा, आणि शेंगेनबाहेरून पाठवा. शेवटी इस्तंबूलमार्गे मुंबई मिळालं. तुर्कस्तानातही आतल्या आत विमान बदलायला आम्हाला व्हिसा लागत नव्हता. काळ्या समुद्राच्या बाजूचा तो नवा विमानतळ अवाढव्य आहे. मागितलेली व्हीलचेअर आलीच नाही. सरकत्या पट्ट्यावर उभं राहत, बाकावर टेकत काकू चालल्या. मध्ये बारीक कमरेच्या काचेच्या पेल्यात कोरा चहा घेतला. "रंग छान आहे गं, पण दूध नाही," म्हणून त्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला.

मुंबईला बॅगा आल्या नाहीत. पट्टा फिरून थांबला, फॉर्म भरले. बाहेर काकूंचा मुलगा उभा होता. काकूंनी त्याला आधी बजावलं, "हिला नाशिकच्या गाडीत बसवून दे, मग आपण निघू." त्याने मला गाडीत बसवलं आणि ड्रायव्हरचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये लिहून घेतला. बॅगा पुढच्या आठवड्यात पोचल्या, काकूंची आधी, मग माझी.