घंटा वाजली म्हणजे मी हजर

‘प्रेझेंट’ हा शब्द ‘प’ने सुरू होतो, आणि तोही जोडाक्षराने. तोतरं बोलणाऱ्या पोराला छळायला मुद्दाम शब्द शोधायला निघालात तरी याहून जालीम सापडणार नाही. गावच्या सरकारी मराठी शाळेत ‘हजर’ म्हणायचं असे. ‘ह’ला काही लागत नाही, नुसता श्वास सोडला की भागतं. पण आमच्या वेळी गोव्यात बहुतेकांचं जे व्हायचं तेच माझं झालं. चौथीपर्यंत मराठी, आणि पाचवीत सिस्टरांच्या शाळेत पाऊल टाकलं की सगळंच इंग्रजी. त्याच शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या आठवणी.

आठवीपर्यंत मी हात वर करून निभावून नेलं. नववीला हजेरी घेणाऱ्या सरांना मात्र हात चालत नसे. (नाव लिहीत नाही. अजून भेटतात, फार मायेने विचारपूस करतात.) माझे ओठ ‘प’वर मिटले की उघडेनात, आणि सर पुढच्या नंबराकडे वळत. ऑगस्टच्या शेवटी घरी पत्र आलं : आपला मुलगा अकरा दिवस गैरहजर आहे. बाबांनी विचारलं, “शाळेच्या नावाखाली कुठे भटकत होतास?” उत्तर सोपं होतं, तोंडातून बाहेर येत नव्हतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन हेडमिस्ट्रेस सिस्टरांपुढे उभी राहिली. सिस्टर मंगळुरी वळणाची कोंकणी बोलत. हेल काढून बोलल्या की आम्ही मागे नकला करायचो. त्या दिवशी त्या मला काही बोलल्या नाहीत. माझं दप्तर टेबलावर रिकामं केलं, पत्रातल्या तारखा एका चिठ्ठीवर उतरवून घेतल्या आणि एकेक वही उघडून तारीख सापडली की चिठ्ठीवर टिंब देत गेल्या. अकराच्या अकरा तारखा माझ्याच अक्षरात होत्या. भूगोलाच्या वहीत तर त्यातल्याच एका दिवशी सरांचीच लाल सही होती. सिस्टरांनी आईला चहा विचारला आणि मला म्हणाल्या, “उद्यापासून पाऊण तास आधी ये.”

उद्यापासून घंटा माझ्याकडे आली. ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात वाशाला साखळीने टांगलेला जाड पितळी तास आणि लाकडी मुठीचा हातोडा. मध्यभागी मारलं तर आवाज बसका येतो, कडेला मारलं तर किणकिणतो. मधल्या सुटीला लांब वाजवायचा, तासाला दोन टोल, शाळा सुटताना हात दुखेपर्यंत. हजेरीचा प्रश्न आपोआप मिटला. पहिली घंटा झाली की शाळेतल्या सगळ्यांना कळे, आगशी गावचा पोरगा आला. सरांनीही मग मला पुकारणं सोडून दिलं.

घंटेवर माझी एक मोठी चूक आहे, ती या निमित्ताने कबूल करतो. सहामाहीच्या गणिताच्या पेपराला मी शेवटची घंटा दहा मिनिटं आधी दिली. घड्याळ बंद पडलं होतं असं मी तेव्हा सांगितलं. घड्याळ चालू होतं. माझं लक्ष समोरच्या चिंचेवर होतं.

आता करेज्माविषयी, म्हणजे पास्कांच्या फेस्ताआधीच्या (ईस्टरच्या सणाआधीच्या) त्या व्रताच्या चाळीस दिवसांविषयी. माझं शाळेचं सगळं आठवणं त्याच दिवसांत जाऊन बसतं. परीक्षा तेव्हाच, उकाडा तेव्हाच, काजूच्या बोंडांचा वासही तेव्हाच. करेज्म सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी वर्गातली अर्धी मुलं कपाळावर काळसर खूण घेऊन यायची. ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (पास्कांच्या आदल्या रविवारी) घरी नेलेल्या पातींची असते, वाळलेल्या पाती परत आणून जाळतात, हे मला माझ्या बाकावरच्या मित्राने सांगितलं. तो चर्चमध्ये मिसेला, म्हणजे उपासनेला, पाद्रीच्या हाताखाली असायचा, त्यामुळे त्याला आतल्या गोष्टी ठाऊक. आजीला घरी येऊन हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे अंगाराच की.” विषय संपला.

त्या दिवसांत प्रत्येक वर्गात एक डबा ठेवत. ज्याने जे सोडलं असेल त्याचे पैसे त्यात टाकायचे. चॉकलेट सोडलं तर चॉकलेटचे, बस सोडून चालत आलं तर तिकिटाचे. शुक्रवारी घरून मूठभर तांदूळ आणायचे, ते वृद्धाश्रमात जात. आम्ही हिंदू मुलंही आणायचो, सक्ती कोणाला नव्हती. माझी आई मूठ म्हणून जे बांधून द्यायची त्यात दोघांचं जेवण झालं असतं.

दहावीची मुलं मात्र डब्यावर थांबत नसत. परीक्षा तोंडावर, नवस-बोलणी, त्यात करेज्म. सकाळी काही न खाता यायची, रात्र रात्र जागायची. एकदा एक मुलगी प्रार्थनेच्या रांगेतच खाली बसली. सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी माइक हातात घेतला आणि अख्ख्या शाळेला चर्चचा कायदा ऐकवला : उपवास वयाच्या अठरापासून एकोणसाठपर्यंत, शुक्रवारी मांस वर्ज्य ते चौदापासून, आणि झोप सोडावी असं कुठेही लिहिलेलं नाही. “तुम्हाला काही सोडायचंच असेल तर एकमेकांचे मार्क विचारायचं सोडा.” त्या आठवड्यापासून जादा तासाला बसणाऱ्या मुलांसाठी स्वयंपाकघरातून पेज आणि तोरांचं (कोवळ्या कैऱ्यांचं) लोणचं यायला लागलं. घंटावाला म्हणून मलाही एक वाडगा मिळे. मानसिक आरोग्यासाठी झटणारी ‘संगत’ ही संस्था गोव्यात उभी राहिली १९९६ साली. आमची बॅच त्याच्या आदल्याच वर्षी दहावी होऊन बाहेर पडली होती. समुपदेशक हा शब्द आम्ही ऐकलाच नव्हता. आमच्याकडे पेज होती.

करेज्मातल्या शुक्रवारी शेवटच्या तासाला मैदानाभोवती खुरसाची (क्रुसाची) वाट व्हायची, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीतल्या एकेका ठाण्यापाशी थांबून वाचन. चौदा ठाणी, चौदा झाडांना बांधलेले बांबूचे चौदा खुरीस. एरवी कॅथलिक मुलं दोतोर्नला (धर्मशिक्षणाच्या तासाला) गेली की आम्ही बाकीचे मॉरल सायन्सला बसायचो. खुरसाच्या वाटेला यायचं की वर्गात बसून बीजगणित करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. बहुतेकांची भक्ती तिथे एकदम वाढायची.

१९९४ साली नववीची पाळी २५ मार्चला आली. प्रत्येक ठाण्याचं वाचन एकेका मुलाकडे. आदल्या सोमवारी सिस्टरांनी यादी लावली आणि पाचव्या ठाण्यापुढे दोन नावं होती, माझं आणि बाकावरच्या मित्राचं. मी थेट ऑफिसात गेलो. काय सांगायला आलो ते त्यांनी सांगू दिलं, मध्ये शब्द पुरवला नाही. (तोतऱ्याचा शब्द दुसऱ्याने पुरा केला की काय वाटतं ते तोतऱ्यालाच ठाऊक.) बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, “रोज सकाळी ‘आमच्या बापा’ म्हणताना तू अडखळत नाहीस. मी तुझ्या मागेच उभी असते.”

खरं होतं ते, आणि माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. चवथीला, म्हणजे गणपतीला, घुमट या मातीच्या वाद्यावर आरत्या म्हणतानाही मी अडखळत नव्हतो. ‘सुखकर्ता’पासून ‘घालीन लोटांगण’पर्यंत सरळ. एकसुरात दुसऱ्याबरोबर बोलताना बहुतेक तोतऱ्यांची जीभ मोकळी होते, हे पुढे तिशीत एका वाचा-उपचार तज्ज्ञाने मला समजावलं. सिस्टरांनी ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, नुसतं रांगेच्या मागे उभं राहून ऐकलं होतं.

अडचण लिपीची होती. चर्चची कोंकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, छापलेली आणि माझा डोळा देवनागरीला सरावलेला. मित्राने ओळ ओळ वाचायची आणि मी माझ्या अक्षरात उतरवून घ्यायची, असं आम्ही दोन दुपारी चिंचेखाली बसून केलं. त्याची धाकटी बहीण डायोसिजनच्या (चर्चच्या धर्मप्रांताच्या) प्राथमिक शाळेत होती. त्या शाळा तीन-चार वर्षांपूर्वीच कोंकणी माध्यमावर आल्या होत्या, त्यामुळे तिला दोन्ही लिप्या येत आणि ती आमच्या चुका काढत बसे. पाचवं ठाणं म्हणजे येशूचा खुरीस उचलायला कुरेनेकर शिमोन मदत करतो ते. मित्र मला म्हणाला, लोकांना वाटतं शिमोन दयाळू होता. तसं काही नाही. तो शेतावरून येत होता, शिपायांनी धरून वेठीला लावला. “आनी म्हाका सिस्टरीन लायला.” (आणि मला सिस्टरांनी लावलं.)

शुक्रवारी चार ठाणी झाली. पाचव्या झाडापाशी मी आणि तो एकाच कागदावर वाकून उभे राहिलो. पहिल्या ओळी छान गेल्या. त्याचा आवाज जरा जाड, माझा त्याच्या आडोशाला. मग ‘खुरीस’ आला. सरावात तो शब्द वीसदा म्हटला होता. तिथे मात्र घसा आवळला गेला, ‘ख’ बाहेर पडतोय आणि पुढे सरकत नाही. मित्र पुढे गेला असता तर मी तिथेच बुडालो असतो. तो गेला नाही. माझ्याकडे न बघता त्यानेही ‘ख’वरच मुक्काम ठोकला. दोघं मिळून ख-ख-ख. मागून कोणीतरी फिसकन हसलं, सिस्टरांनी मान वळवल्याबरोबर थांबलं. कितव्या ‘ख’नंतर ते आठवत नाही, पण ‘खुरीस’ दोघांच्या तोंडून एकदमच पडला आणि आम्ही उरलेलं वाचून सहाव्या झाडाकडे गेलो. सहावं ठाणं वाचणाऱ्या मुलीने आपणहून एक ‘ख’ जास्त घेतला की मला तसं ऐकू आलं, याचा निकाल आजवर लागलेला नाही.

त्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमा आणि झावळ्यांचा रविवार एकाच दिवशी आले. यात चमत्कार नाही. पास्कांचं फेस्त २१ मार्चला किंवा त्यानंतर पडणाऱ्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारी धरतात, म्हणजे दोघांचंही चंद्राशीच बांधलेलं. मित्र पातीचा खुरीस घेऊन आमच्या दारात आला आणि शिगम्याचा रंग अंगभर घेऊन घरी गेला. त्याच्या आईने दोघांनाही शिव्या घातल्या, माझ्या वाटणीच्या जरा सौम्य.

पवित्र शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्याने मला चर्चच्या मागच्या अंगणात बोलावलं. गुरुवारच्या रात्रीपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत चर्चच्या घंटा मुक्या असतात, त्यांच्या जागी माट्राक वाजवतात. जाड फळी, तिला लोखंडी कडी. फळी हातात धरून हलवली की कडी दोन्ही बाजूंनी आपटते आणि कट-कट-कट असा कोरडा आवाज येतो. साक्रिस्तांव (चर्चची व्यवस्था बघणारा) जेवायला गेला होता. मित्राने ती माझ्या हातात दिली. मी वाजवली, आणि तो जमिनीवर बसून पोट धरून हसायला लागला. “तुजेभाशेन उलयता रे ही!” (तुझ्यासारखी बोलते रे ही!) मीही हसलो. माझ्या बोलण्यावर मी पहिल्यांदा हसलो तो तेव्हा.

सिस्टर पुढे बदलीवर गेल्या आणि काही वर्षांनी वारल्याचं कळलं. सुवर्णमहोत्सवाच्या बैठकीसाठी मी शाळेत गेलो तेव्हा व्हरांड्यात विजेची घंटा दिसली, वेळेवर आपोआप वाजणारी. पितळी तास ऑफिसातल्या कपाटावर आहे. घंटेच्या बाजूच्या खोलीवर समुपदेशकाची पाटी आहे, आणि बाहेरच्या बाकावर एक मुलगा दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याला काही विचारलं नाही.

मी पणजीत हिशेबाचं काम करतो. ‘प’ अजून अडकतो. मित्र पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेला त्याला बरीच वर्षं झाली. दर पास्कांना त्याचा व्हॉइस मेसेज येतो. सुरुवातीला दोन-तीन वेळा ‘ख’ आणि मग, “कितें रे सिमांवा.” सिमांव म्हणजे तोच शिमोन. मीही त्याला सिमांवच म्हणतो. कोण कोणाचा, हे आम्ही कधी ठरवलेलं नाही.